एकहाती वापरलेलं

रिव्हॉल्व्हर चांगलं आहे हे मला ते हातात घेण्याआधीच कळलं. हत्यारांतलं मला काही कळत नाही. पण एखादी वस्तू कुणी मनापासून सांभाळली आहे की नुसतीच ठेवून दिली आहे, हे मी लांबून ओळखतो. जुनी पुस्तकं चाळता चाळता लागलेली ही सवय. कडा पाहायच्या, सांधे पाहायचे, जिथे कुणाचा हात सहसा जात नाही तिथली धूळ पाहायची. त्या रिव्हॉल्व्हरवर धूळ नव्हती. काचेच्या पेटीत, एक मोडकी दुर्बीण आणि दोन-तीन बंद पडलेली घड्याळं यांच्या शेजारी, निळ्या फडक्यावर ते एका कुशीवर पडलं होतं, आणि आजूबाजूच्या सगळ्या अडगळीत तेवढं एकच काहीतरी जागं होतं. मी तिथे पुस्तकांसाठी गेलो होतो. दुकानाच्या मागच्या भिंतीशी, टांगलेल्या छत्र्यांच्या खाली, जुनी पुस्तकं रचलेली असतात. महिन्यातून एकदा मी तिथे उकिडवा बसून पाऊण तास काढतो, बहुतेक वेळा काही न घेता उठतो, आणि उठताना दुकानदाराकडे माफी मागितल्यासारखं हसतो. त्या दिवशी मी पुस्तकांपर्यंत पोचलोच नाही.

"घ्या की हातात, मास्तर. चावत नाही ते," दुकानदार म्हणाला.

मी मास्तर नाही. त्याला हे मी कधी सांगितलेलं नाही. समोरचा माणूस काही चुकीचं बोलला तर ते दुरुस्त करायला माझी जीभ उचलत नाही. कागदावर असेल तर गोष्ट वेगळी. दुकान मूळचं त्याच्या वडिलांचं, बंदुकांचं. परवाना अजून चालू आहे, पण गिऱ्हाईक आटलं म्हणून त्यानं छत्र्या, घड्याळं, पुस्तकं असं वाढवत नेलं. चाळिशीचा असेल, गोल चेहऱ्याचा, सदा खुशीत. त्यानं पेटी उघडली आणि ते माझ्या हातात दिलं. जड होतं, आणि गार. मूठ लाकडी होती, आणि जिथे चार बोटं यायला हवीत तिथे लाकडावरची चमक थोडी उतरली होती, म्हणजे मालक ते नुसतं पुसून ठेवत नसणार, हातात धरून बसत असणार. माझी बोटं त्याच जागी जाऊन बसली. पेन्सिल सोडली तर माझ्या हातात इतकं नीट काहीच बसलेलं नाही.

"एकहाती वापरलेलं आहे. एका दंतवैद्याचं. दर रविवारी दात घासायच्या ब्रशनं साफ करायचा म्हणे."

"कुणावर झाडलं होतं का कधी?"

"कुणावर झाडणार? त्याच्याकडे लोक आपणहून यायचे."

किंमत त्यानं सांगितली तेव्हा मी ती पुन्हा विचारली. डोळ्याच्या शस्त्रक्रियेसाठी मी बाजूला टाकलेल्या पैशांत ते आरामात बसत होतं. "या भावात आज धड सायकल येत नाही, मास्तर," तो म्हणाला, आणि ते खरंच होतं. माझ्या कानांच्या पाळ्या तापल्या. मला राग आला की एवढंच होतं. आवाज चढत नाही, हात थरथरत नाहीत, कानांच्या पाळ्या तेवढ्या तापतात आणि समोरच्याला वाटतं, म्हातारा लाजला. पण आत्ता राग येण्यासारखं काय झालं होतं? कुणी काही बोललं नव्हतं. वस्तू चांगली, भाव चांगला, माणूस गोड बोलणारा. मग मला कळलं की राग आत्ता आलेला नाही. तो होताच, हातात हे जड काहीतरी आल्यावर त्यालाही आपलं वजन जाणवलं, इतकंच. मी ते खाली ठेवलं नाही.

परवान्याचा अर्ज दुकानदाराकडेच होता. चार-सहा आठवड्यांचं काम, म्हणाला, तोपर्यंत हे कुणाला दाखवत नाही, तुमच्या नावावर ठेवतो. मी उभ्या उभ्याच लिहायला घेतलं. वय त्र्याहत्तर. पूर्वीचा व्यवसाय, मुद्रितशोधक.

"मुद्रित... म्हणजे काय हो?" तो उलट्या बाजूनं वाचत होता.

"छापण्याआधी चुका शोधणारा. पाठ्यपुस्तकांच्या छापखान्यात होतो."

"पाठ्यपुस्तकांच्या?" त्यानं दोन्ही कोपरं काचेवर टेकली. त्याचा चेहरा उजळला. "अहो, मग ते 'खून करा' तुम्हाला माहीत असणार!"

मी वयाचा आकडा पुन्हा गिरवला.

"तिसरीत होतो आम्ही. भाषेचं पुस्तक. धड्याखाली प्रश्न, आणि वर छापलेलं, योग्य उत्तरावर खून करा! खूण करा म्हणायचं होतं त्यांना. आमच्यातला एक जण उभा राहिला आणि म्हणाला, बाई, कशानं करू? पट्टीनं करू की कर्कटकानं?" हसून हसून त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. ते मनगटानं पुसत तो म्हणाला, "कोण होता हो तो गाढव?"

"होता एक," मी म्हणालो.

अर्जाच्या शेवटी एक लांब रकाना होता, हत्यार बाळगण्याचे कारण. सगळे स्वसंरक्षण लिहितात, तुम्हीही तेच लिहा, असं तो म्हणाला. माझा हात तिथे थांबला. स्वतःचं संरक्षण करायची वेळ एकतीस वर्षांपूर्वी येऊन गेली होती, आणि तेव्हा मी ते केलं नव्हतं. खोटा शब्द मी रकान्यात लिहू शकत नाही. ही काही नीतिमत्ता नव्हे, धंद्याची खोड आहे. "कारण घेऊन येतो," असं काहीतरी मी पुटपुटलो, अर्जाची घडी खिशात घातली आणि बाहेर पडलो. रस्त्यावर ऊन होतं. तळहाताला तेलाचा वास येत होता, आणि तो जाऊ नये म्हणून मी हात खिशात घातला नाही.

छापखान्यातल्या आमच्या खोलीला वाचनखाना म्हणत. लांबट खोली, सहा टेबलं, प्रत्येक टेबलावर दोघांची जोडी. एकानं मूळ प्रत मोठ्यानं वाचायची, स्वल्पविराम, पूर्णविराम, नवा परिच्छेद, सगळं बोलून दाखवायचं. दुसऱ्यानं कच्च्या छपाईवर पेन्सिल घेऊन ते पडताळायचं. सहा जणांचे आवाज एका वेळी चालत, एकीकडे भूगोल, दुसरीकडे अपूर्णांक, आणि आपल्या वाचकाचा आवाज तेवढा वेगळा काढून ऐकायला कान तयार व्हायला वर्ष-दोन वर्षं लागत. मला लागली नाहीत. माझ्या वाचकाला सगळे नगारा म्हणत. भरदार, खणखणीत, छातीतून येणारा आवाज. तो वाचायला लागला की बाकीची पाच टेबलं आपोआप दबून वाचत. त्याच्या घरात छापील कागद यायचा तो फक्त पुडीचा. अक्षरं तो दुकानांच्या पाट्यांवरून शिकला होता आणि तेवढ्यावर परीक्षा देत देत इथवर आला होता. माझं शिक्षण पुस्तकांनी भरलेल्या घरात झालेलं, आणि त्याच्यापुढे मला नेहमी थोडं फुकट मिळाल्यासारखं वाटे. नगाऱ्याला ण म्हणता येत नसे. ण च्या जागी तो न म्हणे. त्याच्या पहिल्याच दिवशी आमच्या मुख्य वाचकांनी पाणी देणाऱ्या शिपायाची नक्कल केली, "पानी, सायेब, पानी", आणि खोली हसली, आणि सगळ्यांत मोठ्यानं, अगदी मोकळ्या गळ्यानं, नगारा हसला. हसताना त्यानं माझ्याकडे पाहिलं, तूही हस की, अशा अर्थानं. मी मान खाली घातली. आपण ज्याला हसतो आहोत तेच आपण बोलतो, हे त्याला ऐकूच येत नव्हतं. त्या क्षणी मी मनाशी ठरवलं की हे त्याला निदान माझ्यामुळे कळायचं नाही. मोठं उदार वाटलं होतं तेव्हा मला. एकोणीस वर्षं तो "बान" म्हणाला की मी बाण तपासला, "रानी" म्हणाला की राणी तपासली, शेतीच्या पुस्तकात "तन उपटून टाकावे" असं त्यानं गर्जून वाचलं तेव्हाही माझी पेन्सिल हलली नाही. खोलीत ते सगळ्यांनाच माहीत होतं. त्याच्यामागे हसतही असतील. समोर कुणी बोललं नाही, कारण जोडी माझी होती आणि चुका होत नव्हत्या.

मग चूक झाली. ती कशी झाली याचा मी इतक्या वेळा विचार केला आहे की आता मला जे आठवतं ते घडलेलं आहे की मी रचलेलं, हेही सांगता येत नाही. मला वाटतं ते असं. कान न आणून देत आणि मी मनात त्याचा ण करत असे. हे वर्षानुवर्षं केल्यावर ती खोड कानातून डोळ्यात उतरली. एके दिवशी जुळाऱ्याच्या हातून शिशाच्या अक्षरांचे खिळे जुळवताना खरोखरच ण च्या जागी न बसला. नगाऱ्यानं मूळ प्रतीतला खूण वाचला, "खून". मी समोर छापलेला खून पाहिला, आणि मला तो खूण दिसला. त्याला वाचवायची मला इतकी सवय झाली होती की मी त्या न ला सुद्धा वाचवलं. असं असेल. किंवा असं काही नसेल आणि माझं लक्षच नसेल, आदल्या दिवशी वाचत असलेल्या एखाद्या कादंबरीत मी अडकलो असेन. माझ्यासारख्या माणसाबद्दल तेही शक्य आहे. साठ हजार प्रती शाळांत गेल्या.

चौकशीला पाच जण बसले होते. लांब टेबल, पाण्याचे पेले, कोपऱ्यात टिपून घेणारा कारकून. मला विचारलं, कागदावरची सही तुमची? मी म्हणालो, माझी. नगाऱ्याला विचारलं, तुम्ही काय वाचलंत? तो उभा राहिला. त्या खोलीतही त्याचा आवाज मावला नाही. "साहेब, मी खूनच वाचलं. शपथेवर सांगतो." आणि कुणीच हललं नाही. पाच शिकलेली माणसं, आणि सगळ्या प्रकरणाचं उत्तर त्यांच्या समोर मोठ्यानं उच्चारलं गेलं होतं. पण त्यांना अर्थ कळला होता, म्हणून त्यांनी आवाज ऐकला नाही. कारकुनाची लेखणी चालत होती. मी त्याच्या बाजूलाच बसलो होतो, त्यानं काय लिहिलं ते मी पाहिलं. शुद्ध, सुवाच्य अक्षरात त्यानं लिहिलं, 'मी खूणच वाचले.' नगाऱ्याच्या तोंडातली चूक त्यानं दुरुस्त केली आणि त्या दुरुस्तीनं माझा निकाल लावला. मी फक्त एवढं म्हणायला हवं होतं, साहेब, त्यांना तो शब्द पुन्हा एकदा म्हणायला सांगा. एक वाक्य. माझ्या कानांच्या पाळ्या तापल्या. पाच जणांसमोर त्या माणसाला "खून, खून" म्हणायला लावायचं आणि ते हसणार, ते चित्र माझ्या डोळ्यांपुढे आलं आणि मी गप्प बसलो. माझ्या गप्प बसण्याला त्यांनी कबुली म्हटलं. नगारा खाली बसला आणि त्यानं माझ्याकडे पाहिलं नाही. का पाहिलं नाही? मी एकतीस वर्षं मानत आलो की आपण काय बोललो ते त्या क्षणी त्याला कळलं होतं.

मला गोदामात धाडलं. पहिले अकरा आठवडे माझं काम एकच. परत आलेल्या प्रती उघडायच्या आणि त्या शब्दावर छापील चिठ्ठी डकवायची, नखाएवढी, 'खूण'. खळीनं बोटांची सालं निघत. नंतर निवृत्तीपर्यंत सोळा वर्षं गठ्ठे मोजले. मला खुनी म्हणायला सुरुवात कुणी केली ते माहीत नाही, पण सर्वांत मोठ्यानं नगारा म्हणे, जिन्यावरून, अंगणातून, "काय खुनी, कसं काय!", आणि त्यात आपुलकी असे, हे अधिक वाईट. तो पुढे मुख्य वाचक झाला. हे सगळं मी गिळलं असतं. पण माझी मुलगी त्या वर्षी तिसरीत होती. ते पुस्तक तिचं होतं. एका संध्याकाळी ती ते पान उघडून माझ्यासमोर उभी राहिली. "बाबा, हे तुम्ही केलंत?" तोपर्यंत रोज रात्री जेवणाआधी ती आपल्या वह्या माझ्याकडे आणायची, मी पेन्सिलनं बारीक ठिपका द्यायचो आणि चूक तिनं हुडकायची, असा आमचा खेळ होता. त्या दिवसानंतर तिनं वही आणली नाही. मी मागितली नाही. ती आता एकोणचाळीस वर्षांची आहे, लांब राहते, फोनवर तब्येत विचारते. तिच्या हस्ताक्षरात आता काय चुका असतात, मला माहीत नाही.

घरी आलो तर बायकोनं ताट वाढून ठेवलं होतं. "काय हो, कान का लाल झालेत? कुणी बाई हसली की काय?"

"आज एक रिव्हॉल्व्हर पाहिलं. स्वस्त आहे, आणि चांगलं ठेवलंय."

"आणि डोळ्याचं? डॉक्टरांकडे जाऊन तारीख घ्यायची होती, ती घेतलीत?" माझं उत्तर ऐकायला ती थांबली नाही. मग तिच्या लक्षात आलं आणि ती खुर्ची ओढून समोर बसली. "कुणाला मारायचंय?"

"नगाऱ्याला."

ती हसेल असं वाटलं होतं. ती हसली नाही. "जन्मात झुरळ मारलं नाहीत. मी चप्पल घेऊन धावायची आणि तुम्ही त्याला वाट करून द्यायचात." ती शांतपणे बोलत होती, आणि तिचा असा आवाज मला माहीत होता. "मारायचंच होतं तर तेव्हा मारायचं. हत्यार लागत नव्हतं. एक अक्षर लागत होतं. माझ्यापाशी रात्र रात्र बोलत होतात, ण आणि न, ण आणि न. तिथे तोंडाला कुलूप. पोरगी शाळेतून रडत यायची तेव्हा तुम्ही त्या माणसाची अब्रू झाकत बसला होतात. स्वतःच्या पोरीपेक्षा तो जवळचा? आता रिव्हॉल्व्हर घेऊन कुणाला दाखवताय?"

"त्यानं मला फसवलं."

"विचारलंत कधी त्याला?"

मी जेवलो नाही. ती मागून काहीतरी म्हणाली, बहुधा छत्री घ्या म्हणाली. नगाऱ्याचं घर वीस मिनिटांवर आहे, आणि ती वीस मिनिटं मी जन्मात चाललो नाही इतक्या वेगानं चाललो. वाटेत मी त्याला किती प्रकारे मारलं. तो दार उघडतो तेव्हा. तो हसतो तेव्हा. तो खुनी म्हणायला तोंड उघडतो, आणि तो शब्द पुरा व्हायच्या आत. प्रत्येक वेळी माझा हात स्थिर होता आणि ती लाकडी मूठ हातात होती, बोटांच्या झिजलेल्या जागांसकट. मला तो दंतवैद्य कळत होता. दर रविवारी ब्रश घेऊन बसणारा, आठवडाभर लोकांच्या उघड्या तोंडांत वाकून हळू आवाजात "दुखतंय का?" विचारणारा. त्याचाही कुणीतरी नगारा असणार. त्यानंही ते सांभाळलं, तेल दिलं, पुसलं, आणि मेला. माझ्या बाबतीत असं व्हायला नको, असं मी चालता चालता मोठ्यानं म्हणालो, आणि समोरून येणारी एक बाई बाजूला झाली. मला फक्त कारण पक्कं करायचं होतं. त्याच्या तोंडून तो शब्द एकदा ऐकायचा आणि त्याच्या डोळ्यांत पाहायचं, त्याला माहीत होतं की नव्हतं.

तिसऱ्या मजल्यावर दार सुनेनं उघडलं. आतून आवाज आला, "कोन आहे?" तोच आवाज, थोडा फाटलेला. "अरे, खुनी! ये, ये. सूनबाई, चहा टाका." तो रस्त्याकडच्या खिडकीपाशी बसला होता, दोन्ही पाय स्टुलावर, गुडघ्यांना पट्टे. मी बसलो नाही.

"मी रिव्हॉल्व्हर घेतोय."

त्यानं माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि तो असा हसला की खिडकीची काच वाजली. "तू? आनि मारनार कोनाला? कबुतरांना?"

"अर्जात कारण लिहावं लागतं. ते घ्यायला आलोय. योग्य उत्तरावर काय करा, एकदा म्हण."

हसू थांबलं. "अजून ते घेऊन बसलायस? बस खाली. किती वर्षं झाली."

"म्हण."

"खून करा," तो म्हणाला, वैतागून. "झालं?"

"खून म्हणालास."

"मग खूनच आहे ते. खून. पेन्सिलीनं करतात ती."

"आणि माणसाचा करतात तो?"

"तो खून. तो वेगळा."

"दोन्ही एकापाठोपाठ एक म्हण."

"खून," तो म्हणाला. मग भुवया आवळून, आवाज खाली आणून, "खून." आणि माझ्याकडे पाहिलं, बघ, किती सोपं आहे, अशा नजरेनं. त्याच्या मनात दोन शब्द होते. दोन्हींमधला फरक त्यानं चेहऱ्यानं केला होता. लपवणारा माणूस असं पाहत नाही. पण पाळ्या तापलेल्या होत्या आणि मी थांबलो नाही. "पाणी म्हण." "पानी." "बाण." "बान. काय चाललंय काय तुझं?" "तू ण म्हणत नाहीस. कधीच म्हणाला नाहीस. सगळ्याचा न करतोस."

सून चहा घेऊन आली होती, ती ट्रे धरून दारातच थांबली. नगारा तिच्याकडे वळला. "सूनबाई, हा म्हातारा चळला. मी पानी नीट म्हनतो की नाही?"

तिनं ट्रेकडे पाहिलं. "असू दे ना, बाबा," ती म्हणाली.

त्या चार शब्दांनी ते झालं. त्याचा चेहरा जागच्या जागी राहिला आणि आतून काहीतरी खाली बसत गेलं. ओली भिंत पडताना आधी रंग जातो तसं. तो ओठांनी काहीतरी करून पाहत होता, आवाज न काढता. मग खूप हळू म्हणाला, "चौकशीत मी तेच म्हनालो."

"हो."

"तर तुझ्या कानावर... मग मी चुकीचं वाचलं." ज्या शब्दांत ण नाही असे शब्द शोधून तो बोलत होता. मला ते दिसत होतं. "कधीपासून माहीत होतं तुला?"

"पहिल्या दिवसापासून."

"एकोनीस..." तो अडखळला. "इतकी वर्षं. सांगितलं का नाहीस?"

"तुला वाईट वाटलं असतं."

"वाईट!" तो उठला. पट्टे बांधलेल्या गुडघ्यांवर, खिडकीचा गज धरून, उठला. "रेडिओवर निवेदक व्हायला दोनदा गेलो होतो मी. दोनदा पाडलं. का पाडलं ते तिथं कोनी बोललं नाही. मी तुझ्याकडे आलो होतो. तुझ्याकडे! माझं काय चुकतं सांग, म्हटलं. तू काय म्हनालास?"

मला आठवलं. इतकी वर्षं ते मला एकदाही आठवलं नव्हतं. टेबलाच्या कडेला तो वाकून उभा होता, हातात नकाराचं पत्र, आणि मी पेन्सिलीला टोक करत म्हणालो होतो, "तिथे वशिला लागतो रे. तुझ्या वाचनात काही खोट नाही."

"तू मला सांभाळत होतास? मी काय कपबशी होतो? दुसऱ्याच्या पुस्तकातला काना गेला तर दोनदा तपासायचास, आनि माझ्या तोंडात खोट होती ती राहू दिलीस? छापून जाऊ दिलीस जन्मभर? रोज मागं हसत होते ते, आनि तू मान खाली घालून पुन्य कमवत होतास!" त्याचा आवाज पुन्हा तोच झाला होता, भिंतींत न मावणारा. "आन ते रिव्हॉल्व्हर. खरंच आन. इकडे घेऊन ये, कारन काय लिहायचं ते मी सांगतो. चल, नीघ!"

सून बाजूला झाली. ट्रेमधला चहा सांडला होता. जिना उतरताना प्रत्येक पायरीवर मी त्याला उत्तर देत होतो. माझं टेबल गेलं. माझी पोर गेली. तू मुख्य वाचक झालास. तुला नुसतं एक अक्षर येत नव्हतं, त्याची किंमत मी दिली. ही सगळी उत्तरं खरी होती आणि त्यांतल्या एकालाही काही अर्थ राहिला नव्हता, आणि म्हणून राग अधिकच चढत होता. एकतीस वर्षं मी ज्याला धरून चालत होतो तो खोटारडा माणूस वरच्या मजल्यावर नव्हताच. तिथे एक माणूस होता ज्याला मी काही सांगितलं नव्हतं. पहिल्या दिवशी, त्या हसण्यानंतर, जेवणाच्या सुट्टीत बाजूला घेऊन सांगता आलं असतं. जीभ जरा मागे वळव, टाळूला लाव. अर्ध्या तासाचं काम. तो रागावला असता, दोन दिवस बोलला नसता, मग शिकला असता. पाट्यांवरून अक्षरं शिकलेला माणूस तो. मला वाटलं की मी त्याला लाज वाटू नये म्हणून गप्प होतो. कदाचित मला नुसतं बोलायचं नव्हतं. कदाचित त्याच्यात काहीतरी कमी आहे आणि ते फक्त मी झाकतो आहे, याची मला चटक लागली होती.

मी रस्त्यावर येऊन उभा राहिलो. समोर एक माणूस दुकानाची पाटी पुसत होता, दोन बायका पिशव्या खाली ठेवून बोलत होत्या. वर खिडकीतून आवाज आला. आधी मला वाटलं तो अजून मला शिव्या देतो आहे. मग शब्द कळला.

"बान," नगारा म्हणत होता. "बान. बा... बाड. बान."

तो थांबे, खाकरे, पुन्हा म्हणे. मी भिंतीला हात लावून ऐकत होतो. खरं सांगायचं तर त्याला ते जमू नये असं मला वाटत होतं. पंचाहत्तराव्या वर्षी अर्ध्या तासात ते जमलं, तर मग माझ्याकडे काय उरणार होतं? माझे कान मात्र, मला न विचारता, एकोणीस वर्षं करत आले तेच करायला लागले. तो न म्हणे आणि ते त्याचा ण करून माझ्यापुढे ठेवत. चालेल, ते म्हणत होते. कळतं आहे की. असू दे. मी मान झटकली. पुन्हा ऐकलं. न होता तो. स्वच्छ, साधा न.

खिडकीत त्याचं डोकं आलं. मी गेलो नाही हे त्याला कसं कळलं, कुणास ठाऊक. तो तिसऱ्या मजल्यावरून, सगळ्या रस्त्याला ऐकू जाईल असा ओरडला, "ए! ऐक! बान! आला का?"

बायका वर पाहायला लागल्या. पाटी पुसणारा हसला. माझ्या तोंडाशी उत्तर तयार होतं, घडी करून ठेवलेलं, मऊ. आला, म्हणायचं आणि निघून जायचं. कानांच्या पाळ्या जळत होत्या. मी चार पावलं मागे, रस्त्याच्या मधोमध गेलो, म्हणजे त्याला मी दिसेन, आणि जन्मात पहिल्यांदा छातीतून आवाज काढला.

"नाही!" मी ओरडलो. "नाही आला! जीभ मागे वळव! परत म्हण!"